राखेचा वानोळा

परवा गावात सभा झाली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी माईकवर सांगितलं, की गावानं एकमेकांना धरून राहावं, आपलं अन्न आपल्यातच फिरवावं, म्हणजे वाईट साल आलं तरी गाव तगतं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. हे सांगायला यांना एवढ्या लांबून यावं लागलं, याचाच मला राग आला. आम्ही हे कधीच करून बसलो होतो, आणि तेव्हा टाळ्या सोडाच, मी शिव्या खाल्ल्या होत्या.

मी लग्न होऊन चिखलीजवळच्या या गावात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंच होतं. सासरचा धंदा भाजीपाल्याचा. नाल्याकाठी विहीर, विहिरीवर वाफे, आणि माल चिखलीच्या अडत्याकडे. गावात मात्र भाजी विकायची नाही, हा सासऱ्यांचा कायदा. शेजारीपाजारी द्यायची ती वानोळा म्हणून, ताटलीत घालून, वर पदर झाकून. ज्याच्या घरी वानोळा जाईल त्यानं ती ताटली रिकामी परत करायची नाही. चार बोरं, मूठभर डाळ, गुळाचा खडा, काहीतरी घालायचंच. मला ही रीत फार आवडायची. कोणी कोणाचं मिंधं नाही आणि सगळ्यांच्या ताटात सगळं.

मग पावसानं लागोपाठ दगा दिला. शेतं उजाड पडली, बैल छावणीत गेले, माणसं खडी फोडायला गेली. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. आमची विहीर तेवढी तग धरून होती. बैलाविना मोट बंद, म्हणून आम्ही हातानं पाणी शेंदून मेथीचे नि पालकाचे थोडे वाफे जगवले. मी पहिल्या तोडीच्या ताटल्या भरल्या आणि निघाले.

एकाही घरानं ताटली घेतली नाही. कोणी म्हणे आमच्याकडे आजच भाजी झाली, कोणी दारच उघडेना. आजच भाजी झाली म्हणे! गावात हिरवं पान औषधाला नव्हतं. समोरच्या घरातली बाई माझ्याच वयाची, माझी जिवाची मैत्रीण. आठवा महिना लागला होता आणि तरी खडीच्या पाट्या वाहत होती. तिनंही ताटली माझ्याकडे सरकवली.

"नेऊन टाक वं माय. रिकामी ताटली कशी देऊ तुले? घरात मिलोशिवाय काईच नाई."

"नको देऊ काई. तू खाय फक्त."

"म्हंजे भीक घेऊ?"

मी चडफडत परत आले. त्याच दिवशी दिवेलागणीला ती तिच्याच अंगणातल्या खुंट्याला अडखळून पडली. मी धावत जाऊन उठवलं. "दिसला नाही का खुंटा?" तर म्हणाली, "सांजच्यानं मले दिसतच नाई वं. नर्सबाईनं सांगतलं, पालेभाजी खाजो, नाईतं डोये जातीन." आणि हसली. तिचं ते हसणं ऐकून माझं डोकंच फिरलं. रस्त्याच्या एका बाजूला मेथी आणि दुसऱ्या बाजूला ही आंधळी होत चाललेली, आणि मध्ये आडवं काय, तर रीत! जी रीत माणसाला उपाशी ठेवते ती रीत नव्हे, तो हट्ट आहे. मग मीही हट्टालाच पेटले.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्याच आठवड्यात वाफ्यांवर मावा पडला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. माव्यावर आमच्याकडे एकच उपाय, चुलीतली राख चाळून पानांवर भुरकायची. आमच्या एका चुलीची राख पुरेना. मी मेथीची ताटली घेतली, समोरच्या घरात शिरले, भाजी तिच्या परातीत उलटी केली, आणि तिच्याच चुलीतली थंड राख ओंजळीनं उचलून ताटलीत भरली.

"हे काय करून राह्यली तू? राख का कोणी वानोळ्यात देते?"

"मले पाह्यजे. माह्या वाफ्यावर मावा पडला. आता ताटली भरली का नाई, सांग?"

तिनं कपाळावर हात मारला. पण भाजी परातीतच राहिली.

घरी मात्र आगडोंब. सासरे ओसरीवर बसले होते. ताटली पाहून उठलेच. "भरल्या घरात दुसऱ्याच्या घरची राख आणली? अवदसा आठवली का, सूनबाई?" त्या काळी सुना सासऱ्यांपुढे बोलत नसत. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बोलले. "मामाजी, रोज राखेनंच भांडे घासतो ना आपण? त्याच भांड्यात जेवतो." आणि त्यांच्यादेखत वाफ्यात जाऊन ती राख भुरकली. दोन वेळा जेवायला कोणी हाक मारली नाही. नका मारू म्हटलं, माझी भूक कुठं पळून चालली!

गावात अशा गोष्टीला पाय फुटतातच. दुसऱ्याच सकाळी एक बाई टोपलीभर राख घेऊन दारात उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "मेथी दे." मग कोणी शेणखत आणलं, कोणी शेळ्यांच्या लेंड्या, कोणी जपून ठेवलेलं भोपळ्याचं बी. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्या खडीवरून परतताना विहिरीवर थांबून पाणी शेंदू लागल्या. इतके हात लागले की पडीक पडलेले वाफेही आम्ही पुन्हा धरले. आधी गाव खायचं, उरेल ते चिखलीला जायचं.

हे अडत्याच्या कानावर गेलं. त्यानं सासऱ्यांना बजावलं, माल सगळा येणार असेल तरच या, नाहीतर अडतीची पायरी चढू नका. आता मात्र मी घाबरले. धंदा बुडाला असता तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं. पण सासरे घरी येऊन अडत्यालाच दणदणीत शिव्या देऊ लागले. "मले धमकी देते! माह्या गावानं काय खावं, हे थो सांगीन का?" पुढच्या बाजाराला त्यांनी चिखलीत जमिनीवर स्वतःच पोतं अंथरलं आणि भाजी विकायला बसले. माझ्याशी अजूनही बोलत नव्हते, पण येताना राख चाळायला नवी चाळणी घेऊन आले.

समोरची रोज भाजी खात होती. मी तिला डोळ्यांचं विचारत नसे. विचारायची छातीच होत नव्हती. उशीर झाला असेल तर? ही जिद्द मी गावभर मिरवत होते, पण तिच्या दाराशी आले की भाजी ठेवून तशीच मागे फिरायची.

एका संध्याकाळी मी ओट्यावर पालक निवडत होते. दिवा अजून लावला नव्हता, समोरचं घरही धूसर झालं होतं. तिथून ती पोट सांभाळत रस्ता ओलांडून आली. भिंत न चाचपता, खड्ड्याला वळसा घालून. माझ्यापुढे उभी राहिली, वाकून तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली,

"काऊन वं, आज कुकू वाकडं लावलं?"

सासऱ्यांपुढे न रडलेली मी, भर ओट्यावर तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. ती आपली पदराच्या टोकानं माझं कुंकू सरळ करत राहिली.