फोडून दाखवलेली कमान

शहरातल्या जुन्या इमारती जपणाऱ्यांचा सत्कार करायचं एका मंडळाने ठरवलं आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. पोरांकडून जन्मभर मडकी आणि केळी काढून घेतली, एवढ्या भांडवलावर मी जालन्यातला जाणकार ठरलो होतो. मला ते आवडतही होतं, खोटं कशाला बोलू.

शेवटी दोघे उरले. एका ठेकेदाराने जुन्या सराईला सिमेंटचा गिलावा करून वर केशरी-निळा ऑइलपेंट फासला होता. ती लांबूनच लग्नाच्या मांडवासारखी दिसायची. दुसरी होती मस्तगडाकडच्या गल्लीतली लहानशी कमान, वाटूरकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने चुन्यात दुरुस्त केलेली. चुन्यात काम करणारा आमच्या भागात बहुधा तो शेवटचाच. हार-शालीचं त्याला काही पडलेलं नव्हतं. पण ज्याचा सत्कार होईल त्यालाच पलीकडच्या मोठ्या कमानीचं काम मिळणार होतं आणि ते आपल्या हातून व्हावं एवढीच त्याची आस होती.

आम्ही तिघे परीक्षक भर दुपारी गल्लीत पोचलो. कमान खालून पाहिली, वरून पाहिली, चष्मा पुसून पाहिली. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, मला कळेना. गवंडी बाजूला उभा राहून गालात हसत होता. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

"मामा, तुम्ही काम कुठं केलंय?"

"वळखू येऊ न्हाई म्हणून तर सालभर खपलो, सर. चुना महिना महिना भिजवला, गुळाचं पाणी घातलं, जुन्याशी रंग बराबर जमला तवाच हात लावला."

"आधीचे फोटो?"

"न्हाई काढले. लई वाईट हालत व्हती तवा. आजारी माणसाचा कुणी फोटो काढतंय का?"

बाकीचे दोघे फिसकन हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? फोडून दाखवा."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा त्याने पिशवीतून छन्नी-हातोडी काढली. तळहाताएवढा तुकडा उडाला आणि आतून पांढराशुभ्र ताजा चुना निघाला. "हे पाहा सर," तो म्हणाला. माझी खात्री पटली होती. तरी मी म्हणालो, "एका जागेनं काय कळतं? अजून दाखवा." तिसऱ्या जागेला छन्नी टेकवण्याआधी त्याने तिथली धूळ हाताने पुसली. आमच्यातल्या एकाने तिन्ही भोकांचे फोटो काढले.

बैठकीत ते फोटो पाहून अध्यक्ष म्हणाले, "ही तर पडायला आली की." खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग ती कुणी फोडायला लावली हेही सांगावं लागलं असतं. बाकीचे दोघे माझ्या तोंडाकडे बघत बसले. अक्षर चांगलं म्हणून शेरा लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'कमान जागोजागी फुटलेली आहे.'

सत्कार ठेकेदाराचा झाला. त्या दिवशी सभागृहाकडे येताना मी मोठ्या कमानीखाली सिमेंटची पोती उतरताना पाहिली. मानपत्र मिळायच्या आधीच माल येऊन पडला होता.

गवंडी धुतलेल्या धोतरात मागच्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर दाराशी त्याने मला गाठलं. आता हा चारचौघांत माझी लाज काढणार म्हणून आजूबाजूला कोण कोण आहे ते मी आधी पाहिलं.

"काम त्यांच्याकडं गेलं ते जाऊ द्या सर," तो हळूच म्हणाला. "पर मोठी कमान चुन्यातच करतील ना? सिमिट थापलं तर आत वल धरंल, विटा सडून जातील. दहा-वीस सालात समदी खाली यील."

"चुन्यातच करणार," मी म्हणालो. "मी स्वतः सांगितलंय त्यांना."

बोलताना माझी मलाच किळस आली, पण आवाज अजिबात हलला नाही.

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "तुम्ही हायसा म्हणून काळजी न्हाई." आणि माझ्याहून वयाने मोठा असून त्याने मला हात जोडले.