बांधावरचा चेहरा

नऊ मार्च. असोद्याला अक्काच्या गच्चीवर आम्ही दोघी बहिणी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो. शिजवलेलं ज्वारीचं पीठ गरम असतानाच ओल्या धोतरावर थापावं लागतं, त्यामुळे बोलायला सवड कमी. पण मी जळगावातल्या मेहरूणहून गेले होते ते विचारायचं ठरवूनच.

वर्षभर मी दर आठवड्याला धुळ्याला एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे जाते. जळगावात ओळखी फार, म्हणून धुळे. घरी गुडघ्याचं कारण सांगितलंय. बाई फार बोलत नाहीत, आठवेल ते सांगू देतात. मला आठवायचं ते एकच. मी सहा वर्षांची. केळीच्या बागेत आईला साप चावला. ती बांधावर पाय लांब करून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, पळ, नानांना बोलाव. मी पळाले, पण वाटेत पाटावर थांबून लाल सँडलचा चिखल धुतला. नाना, म्हणजे आमचे वडील, पोचले तोवर ती गेली होती. चाळीस वर्षं तो उशीर माझा होता.

मागच्या खेपेला बाईंनी विचारलं, ती सँडल कुणी आणली होती? मला सांगता येईना. म्हणून अक्काला धुळ्याचं सगळं सांगून विचारलं.

आधी तिने टोमणा मारून घेतला. “बोलाले धुळ्याले जाते? मी काय बहिरी हाये?” मग म्हणाली, सँडल मावशीने घेतली, आई गेल्यावर, शाळेसाठी. आई होती तेव्हा दोघी अनवाणीच फिरायचो.

“आन तू बागेत कुठी व्हती? तुले गोवर निंघाला व्हता, चोपड्याले मावशीकडे व्हती. तुले तिचं तोंडबी नाई दाखोलं.”

पळाली होती ती अक्का. नऊ वर्षांची. कुठेही न थांबता पळाली, तरी उशीर झालाच. पुढे मी आईसाठी रडले की ती मला ही बागेतली गोष्टच सांगायची.

“बरं झालं ना बाई,” ती म्हणाली, “तुया डोक्यावरचं गेलं.”

गेलं खरं. पण दोषाबरोबर बांधावरची आईही चालली होती, आणि तिचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. ती राहणार असेल तर दोष ठेवून घ्यायला माझी ना नव्हती. पीठ गार व्हायला लागलं, तशी पुन्हा थापायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने धुळं गाठलं. बाईंना सगळं सांगून विचारलं, आता त्या चेहऱ्याचं काय करू?

“कसा आहे तो? सांगा.”

मी सांगू लागले. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, हनुवटीवर तीळ. तिथे थांबले. तीळ अक्काला आहे. मला न्हाऊ घालणारी, वेणी घालणारी तीच. तिलाच मी बांधावर नेऊन बसवलं होतं. आईचा चेहरा माझ्याकडे कधी नव्हताच.

तासातली वीस मिनिटं उरली होती. ती मी अक्काबद्दल सांगण्यात काढली.