उमेळ्यात पोहोचलेले काल्मिक

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्तमानपत्रातल्या बुद्धिबळाच्या एका बातमीत मला 'काल्मिक' हा शब्द दिसला आणि मी कामातून गेलो. रशियात, व्होल्गा नदीच्या बाजूला, बुद्धाला मानणारे मंगोल वंशाचे लोक! ऑफिस सुटलं की मी वाचनालयात बसू लागलो. रविवारी खाडीकाठच्या उमेळ्यातल्या आमच्या इमारतीशेजारच्या केळीच्या वाडीत जाऊन वाडीवाल्या काकांना सगळं साभिनय ऐकवायचो. इमारतीत कोणी दाद देत नसे. काका पाटाचं पाणी वळवता वळवता ऐकायचे.

"काल्मिक म्हणजे उरलेले," एका रविवारी मी जाहीर केलं. "सव्वादोनशे वर्षांपूर्वी बरेचसे पूर्वेकडं, मायदेशी परत निघाले. त्या हिवाळ्यात नदी गोठली नाही, म्हणून पलीकडच्या काठावरचे राहून गेले. पण दुसरे पंडित म्हणतात, नाव त्याच्याही आधीचं आहे. शेजारचे मुसलमान झाले, हे झाले नाहीत, म्हणून उरलेले."

काकांनी फावडं थांबवलं. "होड्या नव्हत्या काय त्यांच्याकडं?"

खाडीकाठच्या माणसाशिवाय हे कोणाला सुचणार? पंडितांना सुचलं नव्हतं.

"गुरंढोरं, तंबू, सगळा संसार बरोबर," मी ठोकून दिलं.

"मग बरोबर. गुरं होडीत चढत नाय. पन सांगा भाऊ, त्यांना जाता आलं नाय, का जायचंच नव्हतं?"

हा प्रश्न काकांचा स्वतःचा होता. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं. दोघांना वाडी बिल्डरला द्यायची होती, अडली होती ती काकांची सही. धाकटा भाऊ कागद घेऊन त्याच दुपारी येणार होता.

तो आला. काका म्हणाले, "बस. आधी भाऊंची गोष्ट ऐक."

मी रंगात आलो. परत निघालेल्यांपैकी कितीतरी वाटेतच मेले, हे तर खास आवाज खाली आणून सांगितलं. काका खूश.

"आणि उरलेल्यांचं पुढं काय झालं?" धाकट्यानं विचारलं.

ते मी काकांना कधी सांगितलं नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलंही. "महायुद्धात सरकारनं त्यांना आगगाडीत कोंबून सायबेरियात धाडलं."

"ऐकलंस, दादा? तुझा कीर्तनकारच माझ्या बाजूनं बोलतोय."

काका माझ्याकडे वळले. "परत आले?"

"तेरा-चौदा वर्षांनी. जगले ते आले."

"कुठं?"

"तिथंच. व्होल्गेकाठी."

काकांनी हात धुतले. "विहीर न् तिच्या भोवतीचे पाच गुंठे सोडून लिहून आन. सही करतो."

"मधोमध विहीर ठेवून बिल्डर काय करणार?"

"पानी त्यालाबी लागेल."

धाकट्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि जाता जाता मला म्हणाला, "पुढच्या रविवारी तुम्ही घरी बसा."

मी अर्थातच बसलो नाही. नव्या कागदात विहीर काकांकडेच ठेवली होती, भोवतीचे गुंठे मात्र तीन. काकांनी ते दोनदा वाचलं, धाकट्याकडे पाहिलं, आणि पेन मागितलं.