गोळी किती आत?

आमच्या रायफल क्लबात निशाणाचे कागद बदलायला माणसं पुढे गेली, की ती परत येईपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. मग मागच्या शेडमध्ये चहा, आणि चहाबरोबर किस्से. ब्रिस्टलबाहेरच्या या रेंजवर मी नऊ वर्षं जातोय. दर शनिवारी पाच-सहा वेळा कागद बदलतात. किती किस्से साचले असतील, बघा!

आम्ही काडतुसं घरीच भरतो. पितळी नळीत दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. ती किती आत बसवायची, यावर आमची निम्मी भांडणं. केसाइतका फरक पडला तरी नेम बिघडतो. फारच चुकलं तर बंदूक तोंडावर फुटू शकते. त्यामुळे आमच्या किश्श्यांवर हसू येतं, पण जरा उशिराच येतं.

* * *

पहिल्याच वर्षी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मेधा, म्हणजे माझी बायको, सहज बोलून गेली, "हे ना? गॅरेजमध्ये बसलेत. दारू भरतायत."

सासूबाई कॅमेऱ्याच्या जवळ आल्या. मग हळूच, "सकाळी अकरा वाजता?"

"अगं आई, प्यायची नाही! बंदुकीची!"

सासूबाई जास्तच घाबरल्या. "मेधा, त्यापेक्षा पिणारा परवडला गं!"

* * *

लायसन्ससाठी पोलीस ऑफिसर घरी आली, तेव्हा मात्र घाम फुटला होता. बंदुकीच्या कपाटाची चावी फक्त माझ्याच ताब्यात हवी, घरच्यांच्या हाती लागता कामा नये. कपाट बघून झालं, भिंतीतले बोल्ट हलवून झाले. मग ती एकदम मेधाकडे वळली. "चावी कुठे असते?"

माझ्या मोज्यांपासून पासपोर्टपर्यंत सगळं कुठे असतं, ते या घरात फक्त मेधाला ठाऊक. चावी मी नीट लपवली होती. पण मेधाच ती!

मेधा म्हणाली, "तेवीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट मला माहीत नाही. आणि ती शोधू नको असं सरकार सांगतं!"

ऑफिसर हसली नाही. शब्दन् शब्द लिहून घेतला.

* * *

मला हे सगळं शिकवलं केनने. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, विमानांच्या कारखान्यातून रिटायर झालेला टूलमेकर. बोलणं मोजकं, हात मात्र सोन्याचे.

माझी पहिली पन्नास काडतुसं मी ऐटीत त्याच्यासमोर ठेवली. "प्रत्येक तीनदा मोजलंय."

"कुठपर्यंत?"

"टोकापर्यंत."

त्याने माझ्याच डब्यातल्या दहा सुट्या गोळ्या काढून मोजल्या. दहाही टोकं कमीजास्त! म्हणाला, "टोक खोटं बोलतं. गोळीचा फुगीर भाग बंदुकीच्या बॅरलला जिथे टेकतो, तिथपर्यंत मोज."

मग पन्नास काडतुसांचा डबा माझ्याकडे सरकवला. "माप सुंदर घेतलंयस. चुकीचं."

* * *

आमच्या ऑफिसातली तन्वीही आता क्लबात येते. ती लीड्सला वाढली. मराठी बोलते, पण लिंगांचा घोळ. एक दिवस खुशीत आली. "काका, गोळी किती आत बसवायची, त्याचा मला परफेक्ट नंबर मिळाला! फोरमवर एकाने दिला."

तिने वीस काडतुसं भरली होती. त्या नंबराहूनही गोळी आणखी आत दाबलेली. "सेफ्टीसाठी," म्हणाली.

केनने चहाचा मग खाली ठेवला. "आत दाबली की आतली जागा कमी होते. दारू तेवढीच. मग प्रेशर वाढेल की घटेल?"

तन्वीचा चेहरा उतरला. त्यातली दोन ती सकाळीच उडवून आली होती!

"आणि तो नंबर त्याच्या रायफलचा आहे. तुझ्या नाही."

तिने काडतुसांचा डबा बंद केला. मग मला म्हणाली, "म्हणजे काका, दुसरीच्या मापाची ब्लाउज?"

उरलेल्या अठरा गोळ्या तिने केनसमोर बसून, खास हातोडीने एकेक ठोकून नळीबाहेर काढल्या.

* * *

गेल्या सप्टेंबरात क्लबची स्पर्धा होती. केन माझ्या शेजारच्या मॅटवर पालथा झोपून नेम धरत होता. त्याने काडतूस आत घातलं, बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, पुढे सारला. तो अडला. केनने तळहाताने जोर लावला, तसा कर्रकन आवाज झाला.

तो आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. मी ओरडलो, "स्टॉप!"

सगळी लाइन थांबली. रेंज ऑफिसर धावत आला. केनने बोट ट्रिगरपासून दूर नेलं आणि बोल्ट सावकाश मागे घेतला. नुसती पितळी नळी बाहेर आली. गोळी बॅरलमध्ये रुतून राहिली होती, आणि दारू सगळीकडे सांडली.

डब्यातली सगळी काडतुसं लांब निघाली. डिजिटल मोजपट्टीवरचा आठ त्याने तीन वाचला होता. वहीतही तीनच लिहिलं होतं.

केन हातावरची दारू झटकत राहिला. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "हाताला कळलं होतं. मी वहीवर विश्वास ठेवला."

पुढच्या शनिवारी त्याने आपलं काडतुसं भरायचं प्रेस आणि सगळी अवजारं माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली. "तू भर. मी मारतो."

मी आठवडाभर भीत भीत त्याच्यासाठी वीस काडतुसं भरली. प्रत्येक चार वेळा मोजलं. रेंजवर त्याने पहिलं आत घातलं, बोल्ट अर्ध्यावर नेला, आणि थांबला. काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं.

"लांब आहे."

"केन, चार वेळा मोजलंय!"

त्याने डब्यात हात घातला. दुसरं घेतलं. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला.

ते पहिलं मी खिशात घालून घरी आणलं, मोजपट्टी पुसून झीरो केली, आणि मोजलं.

इंचाच्या हजार भागांतले दोन. लांब.