बांधावर एकटा माणूस

मंडळी, आज सकाळी मी पेणच्या वाचनालयात एका गाजलेल्या परदेशी लघुकादंबरीवर बोलले. त्यातला माणूस रोज समुद्राकाठचा बांध दुरुस्त करतो आणि समुद्र रोज तो फोडतो. मदतीला कोणी येत नाही, तरी तो थांबत नाही.

मी अगदी ठासून सांगितलं, की हा एकटेपणा लेखकाचा आहे. तो अनाथ, परक्या शहरात वाढला. जगण्याला आयता अर्थ नसतो, तो आपणच द्यायचा, हा त्याचा विचार तिथूनच आला. आमच्या खाडीकाठी जन्मला असता तर त्याच्या नायकासोबत अख्खं गाव चिखलात उतरलं असतं!

टाळ्या पडल्या.

दुपारी गावी परतले. उधाणाने आमच्या बांधाला खांड पडली होती आणि खारं पाणी शेतात शिरत होतं. शेजारचे सदूकाका एकटेच तिथे चिखल लावत होते.

"काका, बाकीचे कुठायत?"

"कोन येनार गो? पोरं कंपनीत, शिफ्टला. जमिनी तर सगल्यांनी इकल्या."

"तुम्हीपण विकलीत ना?"

"व्हय. मंग काय, बसून बघू?"

मी चपला काढून उतरले. पण दोघांच्या हातांना ते पाणी आवरलं नाही. संध्याकाळपर्यंत शेत भरलं.

हात धुताना काकांनी विचारलं, "उद्या येशील गो?"

उद्या मला ऑफिस आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?