पालथं झोपल्यावर सरळ

माझे बाबा लोकांच्या पाठी सरळ करायचे. पदवी कसलीच नाही, पण हातात अशी ताकद की पाठ धरलेला हमाल कण्हत आत यायचा आणि शीळ घालत बाहेर पडायचा. गल्लीत सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणत, आणि बाबा कुणाची चूक दुरुस्त करत नसत.

मी अकरा वर्षांची असताना माझा कणा एका बाजूला वळायला लागला. उजवा खांदा वर, डावी कंबर आत. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, एक्स-रे काढून घ्या. बाबा हसले. "घरात मी असताना?"

मग रोज शाळेतून आलं की मी पुढच्या खोलीतल्या बाकावर पालथी. बाबा मणका न् मणका दाबत, तेल पुसून प्रत्येकावर पेनाने ठिपका काढत आणि आईला हाक मारत, "बघ, आलं की नाही ओळीत!" ठिपके खरंच बऱ्यापैकी ओळीत असत. पालथं झोपलं की वाक कमी दिसतोच, हे मला फार उशिरा कळलं. मला उभी करून बघायचं त्या शहाण्या माणसाला पाच वर्षांत एकदाही सुचलं नाही.

आईला मात्र दिसत होतं. माझा फ्रॉक ती घरीच शिवायची. दर काही महिन्यांनी तो एका बाजूने लोंबायला लागायचा, की ती गुपचूप त्या बाजूची दुमड वाढवायची. लोकांनी हसू नये म्हणून. मला की बाबांना, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती रडेल, आणि तिच्या रडण्याचा मला आता रागच येतो.

सोळाव्या वर्षी मावशी मला हाताला धरून इस्पितळात घेऊन गेली. बाबा तणतणत मागून आले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला.

"मालिशने दुखणं कमी होईल, पण वाक जात नाही. वाढीच्या वयात पट्टा लावला असता तर बहुतेक इथवर आलं नसतं. आता वाढ संपली. ऑपरेशन करावं लागेल."

जिन्याशी बाबा थांबले. मग म्हणाले, "यांना कापायचीच घाई. मला अजून सहा महिने दे, पोरी." आणि सवयीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो उबदार हात मला अजूनही आवडत होता, याचीच चीड आली.

"हात काढा, बाबा."

त्यांनी काढला. मग तो कुठे ठेवावा, ते त्यांना कळेना.