ताकापेक्षा कमी खारट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, अंधेरीला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, आणि कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. बाबा चौथी शिकलेले. भाईंदरच्या मिठागरात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ते काम सुटल्यावर गोराईत आमच्या घराजवळच्या एका बंगल्यात ते बाग आणि स्विमिंग पूल बघायला लागले.

तो पूल मिठाच्या पाण्याचा. पाण्यात थोडं मीठ विरघळवलेलं असतं, ते पाणी वीज लावलेल्या सेलमधून फिरतं आणि त्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतो. बंगल्याच्या मॅडम निवृत्त डॉक्टर. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून त्यांना रोज सकाळी पोहावंच लागायचं.

या उन्हाळ्यात एका आठवड्यात पाणी दुधाळ झालं. मॅडमनी तीन दिवस वाट बघितली आणि बाबांना सरळ सांगितलं, "काका, रविवारपर्यंत बघते. नाहीतर पूलचं काम बोरिवलीच्या कंपनीला देते. बाग तुमच्याकडेच राहील."

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "बागेचं काय गं, झाडांना पाणी कोण पण घालतो." जेवताना भाकरीचे तुकडेच करत बसले.

गुरुवारी कामावरून परत येताना बोरिवलीहून तर, म्हणजे फेरीबोट, पकडून खाडी ओलांडली आणि मी थेट बंगल्यावर गेले. मशीनच्या पडद्यावर मिठाचा आकडा दिसत होता बावीसशे, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम. हवा होता बत्तीसशे. पूलमध्ये पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे पन्नास किलो मीठ, पंचवीसच्या दोन गोण्या. माझं गणित दोन मिनिटांत झालं.

"पाऊस नाही, पाणी उपसलं नाही," बाबा म्हणाले. "मग मीठ गेलं कुठं?"

"बाबा, मशीन सांगतंय ना."

"मशीन सांगतंय," ते म्हणाले आणि पहिली गोणी त्यांनीच उचलून पाण्यात ओतली; दुसरी सकाळी आकडा बघून टाकायची ठरली. मी पदवीवाली, म्हणून माझं ऐकलं. मला तेव्हा बरंच वाटलं.

शुक्रवारी सकाळी आकडा बावीसशेच. पाणी आणखी पांढरं. मी कामावर दांडी मारली आणि दुसऱ्या गोणीची शिवण उसवायला घेतली, तर बाबांनी गोणीवर हात ठेवला.

"थांब. मीठ टाकता येतं, काढता येत नाही. जास्त झालं तर अर्धं पाणी उपसून टँकर मागवायला लागतील. मग मॅडम कंपनीला बोलावतील नाहीतर काय करतील?"

ते पायरीवर बसले, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर ठेवलं आणि बाजूला थुंकले.

"मीठ आहे. ताकापेक्षा कमी, पण आहे. तुझ्या गोणीने वाढलंय पण."

"बाबा, प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर नोकरी जाईल."

"मिठागरात नाही केलं तर जायची," ते म्हणाले. पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात कधी सोडायचं, हे तिथे जिभेवरच ठरायचं. ते मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि मानणं वेगळं.

मग त्यांनी मशीन बंद करून सेल खोलला. आतल्या पट्ट्यांवर पांढरी खपली चढली होती. मी म्हटलं, हे मीठच साचलंय. बाबांनी नखाने कण काढून बोटांत चुरला.

"मीठ असं नसतं. हा चुना. वाफ्यात पण मिठाच्या आधी हाच बसतो."

माझ्या पुस्तकात हे होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं. खपलीमुळे सेलमधून वीज नीट जात नव्हती, म्हणून मशीन मीठ कमी समजत होतं आणि क्लोरीनही बनवत नव्हतं. आता कुठे मी पूलचं पाणी तपासायचं किट काढलं, जे काल आधी काढायला हवं होतं. पीएच आठच्या वर गेलेला. अशा पाण्यात चुना बसणारच. हे मशीन चालतं तसा पीएच हळूहळू चढत जातो, त्याला मधूनमधून ॲसिड देऊन खाली आणावं लागतं.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"माझ्या जिभेला ते कळलं नसतं," मी म्हटलं, "पण तुमच्या जिभेलाही नाही कळलं." ते हसले.

पातळ ॲसिडमध्ये सेल ठेवला तसा चुना फसफसून निघाला. मग पंप चालू ठेवून, मोजून, थोडं थोडं ॲसिड पूलमध्ये सोडलं. सेल बसवून मशीन लावल्यावर आकडा आला चौतीसशे ऐंशी. त्या मशीनची हद्द पस्तीसशे. उसवायला घेतलेल्या त्या दुसऱ्या गोणीकडे मी बराच वेळ बघितलंच नाही.

रविवारी सकाळी तळाच्या फरशीच्या रेघा दिसत होत्या. मी पुन्हा किट लावून क्लोरीन आणि पीएच तपासले, दोन्ही बरोबर. मॅडम पाण्यात उतरल्या, दोन फेऱ्या मारून काठाला आल्या.

"काय केलंत काका?"

"पोरीने केलं. ग्रॅज्युएट आहे."

"मॅडम, मी मिठाची एक गोणी उगाच ओतली," मी म्हटलं. "दुसरी यांनी अडवली. चाखून."

मॅडमनी बाबांकडे बघितलं, मग पाण्याकडे. "म्हणजे पोहताना मला जे खारट लागतं ते ताकापेक्षा कमी?" त्यांना आमचं बोलणं वरच्या गॅलरीत ऐकू गेलं होतं. "काका, कंपनीला नको म्हणून कळवते. पीएचचं मात्र हिच्याकडून शिकून घ्या."

त्याच दिवशी बाबांनी किटचा डबा घरी आणला आणि आईच्या मसाल्याच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवला.